अल्सरेटिव्ह कोलायटिस : फोनवर, बसस्टॉपवर आणि लग्नाच्या पंगतीत मला विचारले गेलेले प्रश्न

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. २०११ पासून मला हा आजार आहे. मी डॉक्टर नाही. पण ओळखीतून ओळख निघत डिचोली, पेडणे, सत्तरीकडून फोन येतात आणि प्रश्न जवळजवळ तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. औषधांचे आकडे दिलेत ते डॉक्टर काय म्हणतात ते तुम्हाला कळावे म्हणून. ते वाचून फार्मसीत जाऊ नका.

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे पोटातला अल्सरच ना?

नाही. ज्याला आपण अल्सर म्हणतो, तो बहुतेक वेळा जठरात किंवा त्याच्या लगेच पुढे असतो. हा आजार मोठ्या आतड्याचा. आपल्याच शरीराची रोगप्रतिकारक शक्ती आतड्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर लाल होते, सुजते, त्यावर बारीक व्रण पडतात आणि रक्त येते. सुरुवात गुदाशयापासून, म्हणजे अगदी खालून होते आणि तिथून सूज सलग वर चढते. काहींची खालच्या वीतभरातच थांबते, काहींची डाव्या कुशीपर्यंत जाते, काहींचे पूर्ण मोठे आतडे धरते. आपली सूज कुठपर्यंत आहे हे प्रत्येक रुग्णाला तोंडपाठ हवे, कारण औषध कुठले आणि कुठून घ्यायचे हे त्यावर ठरते.

जंतूमुळे होत नाही, कुणाकडून लागत नाही, ताटातून पसरत नाही. सासरच्यांना एवढे वाक्य वाचून दाखवले तरी पुष्कळ.

मला मूळव्याध आहे असे सांगितले होते. आता हे कुठून आले?

माझेही तेच झाले. चवथीच्या दिवसांत रक्त दिसले. घरात माणसे भरलेली, संडास एक. मी कुणाला बोलले नाही. नंतर दीड वर्ष मूळव्याधीची मलमे लावली, मध्ये दोनदा आवेच्या गोळ्यांचा कोर्स केला. कुणी मला आत काय दिसते ते पाहू म्हटले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही सगळे सांगितले नव्हते. रात्री उठून जावे लागते हे मी लपवलेच होते.

मूळव्याधीत शौच बहुधा नेहमीसारखी असते आणि रक्त वरून ठिबकते किंवा कागदाला लागते. कोलायटिसमध्ये रक्त आणि शेंबडासारखी आव शौचात मिसळलेली असते, कळ आली की धावावे लागते, जाऊन आले तरी पोट मोकळे वाटत नाही, आणि रात्री झोपेतून उठावे लागते. हे शेवटचे लक्षण आवर्जून सांगा. जंतूंची आव आली तर ती सहसा काही दिवसांत आवरते. तीन-चार आठवडे रक्त चालूच असेल तर पुन्हा पुन्हा त्याच गोळ्या घेत बसू नका, पोटविकारतज्ज्ञ गाठा.

त्यांनाही लगेच कोलायटिस म्हणता येत नाही. आपल्याकडे अमिबा आहे, आतड्याचा क्षयही आहे. म्हणून आधी शौचाची तपासणी, रक्तात हिमोग्लोबिन आणि सीआरपी (सूज दाखवणारा घटक), आणि मग दुर्बीण, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून आतडे पाहणे (कोलोनोस्कोपी). शौचातले कॅलप्रोटेक्टिन नावाचे प्रथिन मोजले की आतड्याला सूज आहे की नाही याचा चांगला अंदाज येतो. पुढे आजार निवळलाय का हे पाहायलाही त्याचा उपयोग होतो.

दुर्बिणीशिवाय जमणार नाही का?

निदानाला जमणार नाही. सूज दिसायला हवी आणि तिचा बारीक तुकडा तपासायला जायला हवा. तुकडा काढताना दुखत नाही. त्रास असतो तो आदल्या रात्रीच्या साफ करण्याच्या औषधाचा. ते खारट-आंबट पाणी थंड करून, मध्ये मध्ये शहाळ्याचे पाणी घेत प्यायचे. संडासाजवळ खुर्ची, मोबाइलचा चार्जर आणि खोबरेल तेल ठेवा. कशाला ते मध्यरात्री कळेल.

हा कायमचा बरा होतो का?

औषधाने मुळासकट जात नाही, पण झोपतो. आणि वर्षानुवर्षे झोपू शकतो. डॉक्टर त्याला रेमिशन म्हणतात. अशा काळात तुम्ही शिकवता, शेतात जाता, दशावतार बघत रात्र जागवता, आणि आजार आहे हे गोळीच्या वेळेपुरते आठवते. मधूनच तो उठतो. त्याला आम्ही 'उठाव' म्हणतो, डॉक्टर फ्लेअर म्हणतात.

रक्त थांबले म्हणजे सूज गेली असे धरू नका. पुष्कळदा बाहेरून सगळे ठीक आणि आत अस्तर अजून लालच. हल्ली डॉक्टरांचा भर अस्तर खरोखर भरून येण्यावर असतो, कारण ते भरले की पुढचे उठाव, स्टेरॉइड आणि ऑपरेशन यांची शक्यता कमी होते.

आता सहा महिने काही त्रास नाही. गोळी बंद केली तर चालेल?

ह्या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा. नाही, चालणार नाही. त्रास नाही तो गोळी चालू आहे म्हणूनच.

मी स्वतः दोनदा बंद केली. पहिल्यांदा लग्नाआधी, घरात गोळ्यांचे पाकीट दिसू नये म्हणून. दुसऱ्यांदा निव्वळ कंटाळा. दुसऱ्या वेळी चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन साडेसातवर आले आणि वर्गात फळ्यासमोर खडू हातात धरून मी खाली बसले. पहिलीची मुले. त्यांना वाटले बाई खेळ घेतायत, तीही सगळी बसली.

सौम्य आणि मध्यम आजारात मुख्य औषध मेसालामाइन. रोज साधारण २ ते ४.८ ग्रॅम. दिवसाचा पूर्ण डोस एकदम घेतला तरी विभागून घेतल्याइतकाच लागू पडतो, तेव्हा दुपारचा डोस विसरत असाल तर डॉक्टरांना तसे विचारा. गोळी चावायची नाही, कुटायची नाही. तिच्यावरचे वेष्टन ती आतड्यात खाली जाऊन विरघळावी म्हणून असते. कधी रिकामे टरफल शौचात दिसते, त्याला घाबरू नका. अख्ख्या गोळ्या पडताना दिसल्या तर मात्र सांगा. वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन तपासतात, कारण क्वचित मूत्रपिंडाला त्रास होतो. आणखी एक विचित्र गोष्ट : थोड्या रुग्णांना ह्याच औषधाने जुलाब आणि रक्त वाढते. सुरू केल्यावर काही दिवसांत आजार उलट बिघडला तर तेही लगेच कळवा.

सल्फासालाझिन हे ह्याच घराण्यातले जुने आणि स्वस्त औषध. सांधे दुखत असतील तर ते अजूनही देतात. सोबत फोलिक ऍसिड लागते. पुरुषांत शुक्राणू तात्पुरते कमी होतात, औषध बदलले की पुन्हा वाढतात. मूल होत नाही म्हणून बायकोच्या तपासण्या चालू आणि नवऱ्याच्या खिशात ह्या गोळ्या, असे एक घर मी पाहिले आहे.

खालून घ्यायचे औषध घ्यायलाच हवे का? फार लाज वाटते.

लाज कुणाची वाटते, बाथरूमला कडी असते ना? हे मी आता म्हणते. तेव्हा तीन आठवडे पाकीट कपाटात साड्यांखाली पडून होते.

सूज खालच्या भागातच असेल तर सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत सरकवायची गोळी, हे पहिले औषध. तोंडाने घेतलेली गोळी तिथपर्यंत पुरेशी पोचत नाही. सूज डाव्या बाजूपर्यंत असेल तर एनिमा, म्हणजे बाटलीतून गुदद्वारात सोडायचे पातळ औषध, तो वरपर्यंत जातो. तोंडाने आणि खालून दोन्ही एकत्र घेतले की एकट्या गोळीपेक्षा गुण चांगला येतो. डॉक्टर एनिमा लिहून देतात तो तुमचा आजार हाताबाहेर गेला म्हणून नव्हे.

रीत अशी. रात्री झोपताना, शौचाला जाऊन आल्यावर. सपोझिटरी पाण्यात बुडवून ओली करायची, बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत आत. एनिमाची बाटली कोमट पाण्याच्या तांब्यात पाच मिनिटे ठेवायची, थंडगार घेतला तर लगेच कळ येते. डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी, बाटली सावकाश दाबायची आणि तसेच पडून राहायचे. अंथरुणावर जुने लुगडे घाला, कारण मेसालामाइनचे तपकिरी डाग निघत नाहीत. पहिल्या चार रात्री काही आत राहत नाही, मग राहू लागते. सूज उतरायला लागली की जमते.

स्टेरॉइडने अंग सुजते म्हणतात. घेऊ की नको?

उठाव जोरात असेल तर घ्यायचे, पण ठरल्या मुदतीपुरते. प्रेडनिसोलोन बहुधा ४० मिलिग्रॅमने सुरू होते, मग दर आठवड्याला थोडे थोडे उतरवत दोन-अडीच महिन्यांत बंद. चेहरा वाटोळा होतो, भूक वाढते, झोप उडते, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व द्या म्हणून आठवण करा. एकदम बंद करणे धोक्याचे आहे.

खरी चूक पुढे होते. चार दिवसांत बरे वाटते, माणूस डॉक्टरकडे जात नाही, आणि जुन्या चिठ्ठीवर फार्मसीतून वर्षभर स्टेरॉइड आणत राहतो. आजार झोपलेला ठेवण्याचे काम स्टेरॉइड करतच नाही. वर्षात दोनदा घ्यावे लागले, किंवा उतरवताना उठाव परत आला, तर पुढचे औषध सुरू करायची वेळ झाली.

पुढची औषधे म्हणजे कुठली?

ऍझाथायोप्रिन बरीच वर्षे वापरात आहे आणि परवडते. गुण यायला तीन महिने लागतात. सुरुवातीला दर आठवड्या-दोन आठवड्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्याच लागतात. आपल्या लोकांत एनयूडीटी १५ नावाच्या जनुकाचा एक प्रकार आढळतो, तो असला तर पेशी झपाट्याने घसरतात आणि केस गळतात. तपासणी आधी करून घेता येते. गाउटसाठी ऍलोप्युरिनॉल घेत असाल तर आधी सांगा, ही दोन औषधे एकत्र आली की धोका. आणि ह्या औषधावर असताना ऊन जपा. होडीवर किंवा शेतात काम असेल तर टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

बायोलॉजिक्समध्ये (जिवंत पेशींपासून बनवलेली औषधे) इन्फ्लिक्सिमॅब सलाइनमधून देतात : पहिला डोस, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, पुढे दर आठ आठवड्यांनी. ऍडालिमुमॅबचे इंजेक्शन घरी पोटाला टोचता येते. वेडोलिझुमॅब मुख्यतः आतड्यापुरते काम करते. टोफासिटिनिब ही गोळी आहे आणि भारतात तिची जेनेरिक मिळते. तिच्यावर नागीण उठण्याची शक्यता वाढते, आणि ज्यांच्या रक्तात गुठळीचा धोका आहे त्यांना डॉक्टर जपून देतात.

ह्यातले काहीही सुरू होण्याआधी छातीचा एक्स-रे, क्षयाची तपासणी, हिपॅटायटिस बीची तपासणी. आपल्या देशात ही पायरी कुणी गाळत असेल तर थांबा आणि विचारा. लसी आधी घेऊन ठेवा, ही औषधे चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी चालत नाहीत.

इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. पावसात वीज जाते हे आपल्याला नवे नाही. माझ्या ओळखीतले एक काका फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, सोलांच्या बरणीमागे डब्यात ठेवतात, आणि दार उघडू नका म्हणून चिठ्ठी लावतात. वर फ्रीझरमध्ये इसवणाशेजारी ठेवू नका, गोठले की फेकावे लागते.

जेवायचे काय? मासे बंद?

मासे कशाला बंद? गोव्यात राहून हुमण सोडले तर मग उरले काय!

एकही असे पथ्य नाही की ते पाळून हा आजार बरा होतो, आणि अमुक खाल्ले म्हणून तो झालेला नसतो. तरी दोन काळ वेगळे धरायचे.

उठाव चालू असताना आतड्याला काम कमी द्यायचे. आपली पेज ह्या कामाला नंबर एक. उकड्या तांदळाची, नीट शिजलेली, मीठ घातलेली. अकरा वाजताची पेज पोटाला सोसते, पाणी आणि मीठ दोन्ही देते. तोंडीलावणे बदला : खारातली मिरची आणि सुक्या सुंगटांची किसमूर काही दिवस बाजूला, त्याऐवजी उकडलेला बटाटा किंवा मुगाचे वरण. मऊ भात, केळे, उकडलेले अंडे, वाफवलेली किंवा कमी तिखटाच्या रसातली मासळी. पोईला बाहेरून कोंडा असतो, त्या दिवसांत साधा पाव बरा. कच्चे खोबरे, कच्च्या भाज्या, फणस, बिया नंतर. निव्वळ पेजेवर महिनाभर राहू नका. सूज असताना शरीराला प्रथिने जास्त लागतात, वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम. पन्नास किलोच्या बाईला साठ-पंच्याहत्तर ग्रॅम. नुसत्या भातावर ते कधीच भरत नाहीत. मासे आणि अंडी इथेच कामाला येतात.

आजार झोपला की सगळे हळूहळू परत. भाज्या, फळे, तूरडाळ, खतखतेसुद्धा. लोक इथे चुकतात, भीतीने पाच पदार्थांवर जगतात आणि सुकत जातात. एक वही करा, एका वेळी एक पदार्थ परत आणा, दोन-तीन दिवस बघा.

तिखटाने जळजळ आणि घाई वाढते, सूज वाढतेच असे नाही. दूध सगळ्यांना बाधते असे नाही. दूध बंद करून फरक पडला नाही तर परत सुरू करा, हाडांना हवे असते. लाल आणि खारवलेल्या मांसाचा उठावांशी संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, म्हणून सॉसेज-पाव सणावारापुरता. सोलकढी मला चालते, माझ्या जावेला नाही. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर तिसऱ्या, खुबे, कालवे पूर्ण शिजलेलीच, आणि पावसाळ्यात पाणी उकळून. उपवासाला तळलेला साबुदाणा वडा खाऊन मग दोष आजाराला देऊ नये, एवढे एक माझे वैयक्तिक मत.

उरक किंवा फेणी?

पोटाला औषध म्हणून फेणी देणारी पिढी अजून आहे. कोलायटिसला तिचा काही उपयोग नाही. उठावात नको. एरवी डॉक्टरांना विचारा, यकृतावर भार टाकणारी औषधे चालू असतील तर उत्तर तुम्हाला माहीतच आहे.

कुड्याची साल, हळद, इसबगोल यांनी जमेल का?

कुड्याच्या सालीचा काढा आवेवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देतात. माझ्या आजीनेही मला दिला. प्रेमाने दिलेले होते, कडू होते आणि रक्त थांबले नाही. हळदीतले करक्युमिन मेसालामाइनसोबत मोठ्या प्रमाणात दिल्यावर काही छोट्या चाचण्यांत फायदा दिसला आहे. पण हळदीत करक्युमिन जेमतेम तीनेक टक्के, म्हणजे आमटीतल्या चमच्याने ते साधत नाही. इसबगोल आजार शांत असताना काहींना बरे पडते. काय घ्यायचे ते घ्या, पण डॉक्टरांना दाखवून आणि चालू गोळी न सोडता. बिनलेबलच्या पुड्या नको. त्यांत शिसे-पारा असू शकतो, आणि कधी कुटलेले स्टेरॉइडही.

अंगदुखीची गोळी चालते का?

पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा, त्यांनी उठाव येऊ शकतो. जोराच्या उठावात जुलाब थांबवणारी लोपेरामाइडही नको, आतडे फुगून जिवावर बेतू शकते.

तडक हॉस्पिटलात कधी जायचे?

दिवसात सहा किंवा अधिक वेळा रक्ताची शौच, आणि सोबत ताप, किंवा नाडी नव्वदच्या वर, किंवा उभे राहिल्यावर चक्कर. पोट फुगून दुखायला लागले आणि शौच एकदम थांबली तर ते सुधारणेचे लक्षण नव्हे, त्याच तासाला निघा. सकाळपर्यंत थांबू नका, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) रात्रीही अपघात विभाग उघडा असतो.

दाखल केल्यावर शिरेतून स्टेरॉइड देतात आणि तिसऱ्या दिवशी हिशेब मांडतात. फरक नसेल तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन, नाही तर ऑपरेशन. सर्जन पहिल्या-दुसऱ्या दिवशीच भेटून जातात. नातेवाईक घाबरतात, पण ती शहाणपणाची रीत आहे. रक्त पडत असतानाही रक्त पातळ करणारे हेपॅरिन टोचतात याचेही आश्चर्य वाटते. जोराच्या सुजेत शिरांमध्ये गुठळ्या होतात, म्हणून.

ऑपरेशन म्हणजे शेवट?

माझ्या मावसभावाचे झाले. तो आज रोज सकाळी मिरामारला पोहतो. तेव्हा शेवट वगैरे म्हणणाऱ्यांना मी त्याचा नंबर देते.

औषधाला दाद न देणारा जोराचा उठाव, आतडे फाटणे किंवा फुगणे, कॅन्सर किंवा त्याआधीचे बदल, आणि वर्षानुवर्षे औषधे घेऊनही आयुष्य संडासाभोवती फिरत राहणे, ही कारणे. पूर्ण मोठे आतडे आणि गुदाशय काढतात. मग दोन वाटा. पोटावर आतड्याचे कायमचे तोंड काढून त्यावर शौचाची पिशवी लावायची, किंवा लहान आतड्याच्या टोकाची आतच जे आकाराची थैली शिवून ती गुदद्वाराला जोडायची. ही दुसरी पद्धत पार्क्स आणि निकोल्स या सर्जननी १९७८ मध्ये लंडनहून मांडली, त्यांची थैली मात्र एस आकाराची होती, जे आकार नंतर आला. हे ऑपरेशन दोन किंवा तीन टप्प्यांत होते, मधले काही महिने पिशवी असतेच.

थैलीनंतर दिवसात पाच-सात वेळा जावे लागते, पण घाई नसते, थांबता येते. फरक काय तो रुग्णालाच कळतो. साधारण निम्म्या जणांना कधी तरी थैलीला सूज येते, ती बहुधा अँटिबायोटिकने उतरते. बायकांत थैलीच्या ऑपरेशननंतर दिवस राहणे अवघड होऊ शकते, तेव्हा मुले व्हायची असतील तर सर्जनशी आधी मोकळे बोला. आतड्याचा त्रास संपतो, पण ह्या आजारासोबत कधी येणारे मणक्याचे किंवा पित्तनलिकेचे दुखणे असेल तर ते ऑपरेशनने जात नाही.

पिशवी असताना आपल्या हवेत कसे निभावते?

मे महिन्यात घामाने चिकटपट्टी सुटते हे खरे. त्वचा पूर्ण कोरडी करून, पट्टी तळहाताने मिनिटभर दाबून ऊब द्यायची. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. समुद्रात उतरता येते, देवळातही जाता येते. हा प्रश्न मला कुजबुजत विचारतात म्हणून मोठ्याने लिहिते.

मीठ-पाणी सारखे बाहेर जाते. नुसते पाणी ढोसून तहान भागत नाही, उलट जास्त वाहते. ओआरएस किंवा मिठाची पेज घ्या. आणि श्रावणातली ओळमी, म्हणजे रानातली अळंबी! मावसभावाने पहिल्याच पावसात ओळम्यांचे शागोती ताटभर हाणले आणि दुसऱ्या दिवशी पिशवी कोरडी, पोट गच्च, ओकाऱ्या. अळंबी, खोबऱ्याचे तुकडे, फणसाचे चिवट धागे पोटावरच्या तोंडाशी अडकतात. आता तोही खातो, पण चार तुकडे, बारीक चिरून, चघळून.

खर्चाचे काय?

गोमेकॉत उपचार बहुतांशी सरकारी खर्चाने होतात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत आधार आहे. तुमचे ऑपरेशन किंवा इंजेक्शन त्यांच्या यादीत बसते का हे दाखल होण्याआधी योजनेच्या खिडकीवर विचारा. कार्डाचे नूतनीकरण विसरू नका, आम्ही एकदा विसरलो होतो. महाग इंजेक्शनांच्या भारतीय आवृत्त्या बऱ्याच स्वस्त पडतात, त्या आहेत का असे विचारायला संकोच करू नका.

लग्न, मूल?

दोन्ही होते. आजार शांत असताना दिवस राहिले तर बाळंतपण बहुधा सुरळीत होते. उठावात राहिले तर त्रास. मेसालामाइन, ऍझाथायोप्रिन गरोदरपणात सहसा चालू ठेवतात, टोफासिटिनिब आधीच बंद करतात. सासूबाईंच्या सांगण्यावरून गोळी सोडू नका. मुलाला आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण बहुतेक मुलांना होत नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, ठणठणीत, आणि तिला मिरची माझ्यापेक्षा जास्त लागते.

कॅन्सर होतो का?

सूज बरीच वर आणि बरीच वर्षे असेल तर धोका वाढतो. लक्षणे सुरू झाल्याला आठ वर्षे झाली की ठरावीक अंतराने दुर्बीण करायची, पित्तनलिकेचा आजार सोबत असेल तर निदानापासून दरवर्षी. सूज फक्त गुदाशयात असेल तर असा वेगळा धोका धरत नाहीत. गोळी नेमाने घेऊन अस्तर शांत ठेवले की धोका उतरतो.

सिगारेट सोडल्यावर आजार सुरू झाला. परत ओढू का?

सोडल्यावर हा आजार होण्याची शक्यता वाढते हे खरे आहे, अभ्यासांत स्पष्ट दिसते. परत ओढू नका. हृदय आणि फुप्फुसे यांचा हिशेब वेगळा आहे.

कामावर सांगावे का? बसने कसे जायचे?

मी चार वर्षांनी मुख्याध्यापिकांना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले की तास चालू असताना गेलात तर वर्ग कोण बघणार. शेजारच्या वर्गातल्या बाईंशी ठरले, मधल्या दारावर दोन टकटक केली की त्या बघतात.

कदंबा बसने वाळपईहून पणजीला जाणारे एक जण पहिली सीट धरतात आणि ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवतात. सामानाच्या पिशवीत एक चड्डी, ओले कागदी रुमाल, प्लास्टिकची थैली, पाण्याची लहान बाटली. निघण्याआधी तासभर चहा नाही. फोंड्याचा कदंबा स्टँड, म्हापशाचा बाजार, पणजीतले मार्केट, कुठल्या संडासाला कडी लागते आणि कुठे पाणी असते ते आम्हा लोकांना पाठ असते. नवीन असाल तर विचारा, मी सांगते.